टँकरच्या पाण्यातली एक बादली

2016 च्या मे महिन्यात बीडमध्ये एका डॉक्टरांनी मला भर अंगणात झाडलं, कारण त्यांच्या टँकरचं पाणी मी बादलीनं जमिनीत ओतत होतो.

त्या उन्हाळ्यात पाण्याचं काय झालं होतं ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. बीड शहराला तेव्हा रेल्वेच नव्हती, म्हणून आमच्या नशिबी नुसते टँकर. बिंदुसरेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. अशात चार मजली दवाखान्याच्या मागे, भिंतीला लागून असलेल्या एका खड्ड्यात मी पाणी सोडत होतो आणि माझा हेल्पर दुसरी बादली भरून आणत होता.

"कशाला सांडायलास रे पाणी? पेशंटला प्यायला नाही आणि तू मातीला पाजायलास?"

खड्डा अर्थिंगचा होता. दुसऱ्या दिवशी निरीक्षक साहेब लिफ्ट बघायला यायचे होते. वायरिंगला मेगर लावून झाला होता, इन्सुलेशन ठणठणीत होतं. अर्थ टेस्टर लावला आणि काम अडलं. मुरमाड जमीन, वरून दोन वर्षांचा दुष्काळ. टेस्टरच्या सळया ठोकायला हातोडा घेतला तर सळई वाकली, जमीन काही दबेना. रीडिंग एवढं वर, की ते कागदावर लिहायला हात होईना. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात ते ओल धरून ठेवावी म्हणून. मुळात ओलच नसेल तर मीठ-कोळसा तरी काय धरणार? आणि मशीनच्या पत्र्यात करंट उतरला, तर त्याला जमिनीत जायला वाट पाहिजे. ती बंद असेल तर तो पत्र्याला हात लावणाऱ्या माणसातून वाट काढतो.

हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांना पटलं नाही असं नाही, पण पाण्याकडे बघून त्यांचा जीव तुटत होता. शेवटी म्हणाले, "रीडिंग काय यायला पाहिजे ते लिही ना तू. उद्या साहेब काय जमीन उकरून बघणार आहेत?"

रीडिंगखाली सही माझी होती. चार वर्षांपूर्वी हेच कुणी म्हटलं असतं, तर मी नक्की लिहून मोकळा झालो असतो, कारण तेव्हा सही दुसऱ्याची असायची.

लिफ्टचा परवाना म्हटलं की लोकांना वाटतं, मेकॅनिकच्या खिशात लायसन असतं, ड्रायव्हरसारखं. तसं नाही. लिफ्टचा परवाना लिफ्टच्या मालकाच्या नावानं निघतो. उभारायच्या आधी एक परवानगी, उभारून झाल्यावर तपासणी, आणि मग चालवायचा परवाना. कायदा जुना, 1939 चा मुंबईचा. त्याचे नियम 1958 चे. त्यात सरकत्या जिन्यांचा पत्ताच नव्हता. ते 2017 च्या नव्या कायद्यात आले. सरकारी कागदावर लिफ्टला 'उद्वाहन' म्हणतात. आमच्या गावच्या गुरुजींना मी हा शब्द सांगितला तर म्हणाले, संस्कृतात उद्वाह म्हणजे लग्न. म्हटलं, बरोबर आहे, देखभालीचा करार इथंही लागतो.

मेकॅनिकच्या हाताला जो कागद लागतो तो विजेचा. 1956 च्या वीज नियमांत 45 नंबरचा नियम होता. पुढे त्या नियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली, पण गाभा तोच राहिला. काम परवानाधारक ठेकेदारानं घ्यायचं, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकानं उभं राहून करून घ्यायचं, आणि हात लावणाऱ्याकडे तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, परवाना पाहिजे. तीन माणसं, तीन कागद. मी या धंद्यात दहा वर्षं राबलो, त्या तिन्हींपैकी एकही कागद नसताना.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. केज तालुक्यातलं आमचं गाव दिवाळीनंतर निम्मं रिकामं व्हायचं. मुकादमाची उचल डोक्यावर, बैलगाडीत संसार, आणि मी त्या संसाराच्या वर बसलेला. शाळेत नाव होतं, पोरगं नव्हतं. जन्मतारीख गुरुजींनी टाकली, 1 जून. दहावी दोनदा नापास झालो आणि 2002 मध्ये गावातल्या एकाबरोबर मुंबई गाठली. तो लिफ्टच्या ठेकेदाराकडे होता. त्यानं मला नेलं ते दोर ओढायला. कोयत्याला कुठं परवाना लागतो? तसंच हेही, असं मी धरून चाललो होतो.

काम शिकवलं ते आमच्या उस्तादांनी. शाफ्टमध्ये उतरण्याआधी चप्पल काढायचे. मला वाटायचं, भक्तिभाव. नंतर कळलं, तेलानं माखलेल्या चपलेवरून केबिनच्या छतावर पाय सरकतो. ते दोरावरून चिंधी फिरवून बघायचे. चिंधी अडकली की तिथं तार तुटलेली. दोरावर तांबूस भुकटी दिसली की म्हणायचे, हा आतून खायला लागला. पुस्तकात हे मी पुष्कळ उशिरा वाचलं, पण चिंधी कशी धरायची ते काही पुस्तकात सापडलं नाही.

एकदा वडील डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला आले होते. त्यांना मशीन रूम दाखवायला नेलं. लिफ्टला एका बाजूला केबिन असते आणि दुसऱ्या बाजूला काउंटरवेट, म्हणजे लोखंडी वजनं. काउंटरचं वजन रिकाम्या केबिनपेक्षा जास्त ठेवतात, केबिन अधिक तिच्या क्षमतेच्या साधारण निम्म्याइतकं. आठ माणसांची लिफ्ट म्हणजे माणशी 68 किलोप्रमाणे 544 किलो. त्याचे निम्मे काउंटरवर चढवायचे. हे मी सांगत होतो, वडील गप्प होते. मग हातानं ब्रेक सोडून दाखवला. रिकामी केबिन खाली पडेल म्हणून त्यांनी दंड धरला माझा. केबिन सावकाश वर निघाली.

"म्हंजी रिकामी असली की उलार," वडील म्हणाले, "आन् भरली की धुरजड."

उसाची गाडी मागं जास्त भरली की जू वर उचलतं आणि बैलांना फास बसतो. ती उलार. पुढं जास्त भरली की बैलांच्या मानेवर ओझं येतं. ती धुरजड. वडिलांनी तीस वर्षं मोळ्या रचताना हाच हिशेब केला होता. ठेकेदाराच्या इंजिनिअरनं मला हीच गोष्ट फळ्यावर आकृती काढून तीनदा सांगितली होती.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना अजूनही जीभ जड होते. 2009 मधली गोष्ट. तोवर मी मराठवाड्यात परत आलो होतो आणि एका ठेकेदाराकडे होतो. कोणता, कुठला, ते सोडून द्या. एका खासगी दवाखान्याची लिफ्ट मधेच थांबायची. दुसऱ्या मजल्याच्या दाराचं लॉक खराब होतं, हे माझ्या ध्यानात आलं होतं. नक्की करायचं म्हणून पॅनलमध्ये दारांच्या अख्ख्या सर्किटवर जंपर टाकला. जंपर म्हणजे वीतभर वायर. ती टाकली की मशीनला वाटतं, सगळी दारं बंद आहेत. लिफ्ट धावायला लागली. तेवढ्यात फोन आला, दुसरीकडे माणसं अडकलीत, लगेच निघ. मी निघालो. जंपर तिथंच राहिला.

संध्याकाळी तिथल्या आयाबाई जेवणाची ट्रॉली घेऊन दुसऱ्या मजल्यावर आल्या. दार उघडलं, ट्रॉलीची पुढची चाकं केबिनमध्ये घातली. वरून कुणी तरी बटण दाबलं. दार उघडं आहे हे कळायचा रस्ता मशीनला मी बंद करून ठेवला होता. केबिन वर निघाली. बाईंनी दांडा सोडला म्हणून वाचल्या. हातातल्या बांगड्या फुटल्या. ट्रॉली उलटून शाफ्टमध्ये गेली. मी रात्री पोचलो तेव्हा तळाच्या खड्ड्यात, बफरच्या भोवती, वरण, भात आणि स्टीलची ताटं पडली होती. ती मी हातानं उचलली. केबिन वर होती, दिवा नव्हता, वरणाचा वास येत होता. बाईंचा आवाज वरून ऐकू येत होता. त्या हसत होत्या, थांबतच नव्हत्या.

अपघात झाला तर मालकानं निरीक्षकांना कळवायचं आणि त्यांच्या परवानगीशिवाय लिफ्ट पुन्हा चालू करायची नाही, असं कायद्यात आहे. ट्रॉलीच तर गेली, माणूस कुठं गेला, असं म्हणून कुणी कळवलं नाही. सकाळी लिफ्ट चालू. देखभालीच्या वहीत त्या महिन्याच्या तपासणीपुढे एका पर्यवेक्षकाची सही होती. त्या गृहस्थांनी ती लिफ्ट कधी पाहिलेली नव्हती. मला कुणी रागावलंसुद्धा नाही. रागवायला आधी मी असायला पाहिजे होतो. वहीत नाव नाही, करारात नाव नाही. त्या बाई मेल्या असत्या तरी कोणत्याही कागदावर मी निघालो नसतो. आधी मला त्याचं हायसं वाटलं, हे खरं सांगतो. चार-पाच दिवसांनी वाटेनासं झालं.

तारतंत्रीची परीक्षा द्यायचं ठरवलं, तर पहिली मागणी अनुभवाच्या दाखल्याची. परवानाधारक ठेकेदारानं लिहून द्यायला पाहिजे, की हा माझ्याकडे काम करत होता. आमच्या ठेकेदारांनी ऐकून घेतलं आणि चहा मागवला. म्हणाले, "लेका, तू काय काय केलंस ते लिहिलं तर तुझ्याआधी माझाच परवाना जाईल." त्यांचं चुकलं नव्हतं. परवान्याला अनुभव पाहिजे, आणि माझा सगळा अनुभव म्हणजे परवाना नसताना केलेलं काम. या गाठीतून सगळेच जण एकाच वाटेनं निघतात. दाखल्यावर 'मदतनीस' लिहितात. मी दहा वर्षं पॅनल जोडले होते, कागदावर पक्कड हातात देत होतो. दाखला हातात पडायला अडीच वर्षं लागली. हातचा माणूस शिकून गेला की ठेकेदाराचं नुकसानच, हेही आहे.

परीक्षेच्या दिवशी माझ्या पुढच्या दोघांची जन्मतारीख 1 जूनच होती. आम्ही एकमेकांचे फॉर्म बघून हसलो. एक धारूरचा, एक पाटोद्याचा. घरं तीच, ऊसतोडीची. प्रात्यक्षिक सोपं गेलं. तोंडीला बसलेल्या साहेबांनी विचारलं, शॉक लागलेल्या माणसाला आधी काय करशील? म्हटलं, मेन बंद करीन. मेन लांब असेल तर? कोरड्या लाकडानं बाजूला करीन. मग त्यांनी विचारलं, "जंपर टाकला तर कधी काढायचा?"

हा प्रश्न विजेच्या परीक्षेत कुठून आला, देव जाणे. फॉर्मवर लिफ्टचं काम लिहिलेलं बघितलं असेल. मी म्हटलं, "हातातून सोडायचाच नाही, साहेब." ते वर बघून म्हणाले, "जा."

परवाना 2012 मध्ये आला. चेंबूरच्या अनुज्ञापक मंडळाचा कागद बीडला पोचला तेव्हा आईनं तो देवापुढे ठेवला आणि हळदीचं बोट लावलं. पुढे झेरॉक्स काढताना दर वेळी तो पिवळा डाग काळा यायचा आणि खिडकीवरचा बाबू विचारायचा, हे काय खोडलंय? त्यानंतर पर्यवेक्षकाची परीक्षा झाली. तीत एकदा नापास झालो, त्यात सांगण्यासारखं काही नाही, अभ्यास केला नव्हता. शेवटी ठेक्याचा परवाना घेतला. मेगर आणि अर्थ टेस्टर स्वतःचे घेतले. त्यासाठी बायकोचं गंठण गहाण पडलं. ते सोडवायला दीड वर्ष लागलं.

म्हणून 2016 च्या त्या दुपारी मी डॉक्टरांना म्हटलं, साहेब, पाण्याचे पैसे माझ्या बिलातून कापा. खड्ड्यात सोळा बादल्या गेल्या. रात्रभर मुरू दिलं. सकाळी रीडिंग उतरलं. निरीक्षक साहेब आले, बारीक माणूस, बोलणं कमी. केबिनच्या छतावर स्वतः चढले. प्रत्येक मजल्याचं दार उघडून लिफ्ट हलते का बघितलं. मग गव्हर्नर हातानं ट्रिप करायला लावला. दोर तुटला किंवा केबिन जास्त वेगानं खाली यायला लागली तर गव्हर्नरचं चाक अडकतं आणि केबिनखालचे जबडे रुळांना आवळतात. न्यूयॉर्कमध्ये 1854 साली ओटिस नावाच्या माणसानं लोकांसमोर स्वतः लिफ्टवर उभं राहून दोर कापून घेतला होता, तेव्हापासून माणसं लिफ्टमध्ये बसायला धजावली. तत्त्व अजून तेच आहे. जबडे आवळले, केबिन जागची हलेना, वर पुलीवर दोर नुसते घसरायला लागले. साहेब म्हणाले, सोडा. रुळांवर जबड्यांचे चार ओरखडे उमटले होते. ते मी कानशीनं घासून काढले.

जाताना त्यांची नजर अर्थिंगच्या खड्ड्याकडे गेली. भोवतीची जमीन ओली. सगळ्या आवारात तेवढीच ओली. म्हणाले, "आज ठीक आहे. पुढच्या मेमध्ये?" मी काही बोललो नाही. डॉक्टर मात्र ऐकत होते. त्यांनी हात धुवायच्या बेसिनचा पाइप वळवून त्या खड्ड्यात सोडला. तो अजून तिथंच आहे.

नूतनीकरणाचं सांगायचं राहिलं. परवान्याला मुदत असते आणि ती संपण्याआधी अर्ज करायचा असतो, हे मी दुसऱ्यांना सांगतो. माझ्या परवान्याची मुदत संपली 2021 मध्ये, आणि मला ती कळली तीन महिन्यांनी. कोरोनाच्या त्या एप्रिलमध्ये मी घरी नव्हतोच. दवाखान्यांच्या लिफ्ट दिवसरात्र चालत होत्या. पीपीई किट घालून केबिनच्या छतावर बसायचं, आत घामाचं पाणी व्हायचं आणि चष्म्यावर वाफ. ऑक्सिजनचा जंबो सिलिंडर म्हणजे लिफ्टच्या हिशेबात जवळजवळ एक माणूस. पोरं एका खेपेत दहा-दहा घालायची आणि आठ माणसांची लिफ्ट आहे म्हणून सांगायला गेलो तर म्हणायची, मामा, वर माणूस गुदमरायलाय. ओव्हरलोडचा बझर काढून टाका म्हणून दोन ठिकाणी मागे लागले. मी काढला नाही. एका ठिकाणी मला हाकललं. त्या लिफ्टचं पुढे काय झालं, मी विचारायला गेलो नाही.

त्या सगळ्या दिवसांत कागदानं बघितलं तर मी पुन्हा तोच 2009 मधला माणूस होतो. एका सोसायटीच्या सेक्रेटरीनं परवान्याची झेरॉक्स मागितली, तेव्हा तारीख दिसली. मुदत गेल्यावर केलेला अर्ज म्हणून जास्तीची फी भरली. आता हे सगळं ऑनलाइन आहे. सेवा केंद्रातल्या पोरानं फोटो चढवला, ओटीपी मागितला. तो आला माझ्या जुन्या नंबरवर, जो मुंबईत कधीच हरवला होता. आधारवर नावाचं इंग्रजी स्पेलिंग एक, परवान्यावर दुसरं. त्यात आठवडा गेला. फी, फोटो, जुना परवाना, एवढंच मागतात. गेल्या मुदतीत रिलेचे पॅनल जाऊन ड्राइव्ह आले, मशीन रूम नसलेल्या लिफ्ट बीडसारख्या गावात बसायला लागल्या. त्यातलं तुला काही येतं का, असं कुणी विचारलं नाही. मला वाटतं, विचारावं. निदान तोंडी एक प्रश्न.

सध्या माझा भाचा माझ्याकडे आहे. त्याची दहावी पहिल्या झटक्यात झाली, हात चांगला आहे, बोलणं फार. माझ्याकडे तीन जंपर आहेत, हातभर लांब, लालभडक, आणि एकेकाला गुरांच्या गळ्यातला घुंगरू बांधलेला. त्याला हे फार मागास वाटतं. साइट सोडताना गाडीला किक मारायच्या आधी तीन घुंगरू मोजायचे, हा नियम आहे.

गेल्या आठवड्यात त्यानं परीक्षेचा फॉर्म आणला. अनुभवाचा दाखला टाइप करूनच आणला होता, फक्त सही पाहिजे होती. त्यात दोन वर्षं लिहिली होती.

"चौदा महिने झालेत तुला," मी म्हटलं.

"मामा, सगळे लिहितात. दहा महिन्यांनी काय फरक पडतोय?"

"पडत नसला तर थांब की मग दहा महिने."

त्यानं कागद घडी करून खिशात घातला. जेवला नाही. दुपारी अंबाजोगाईला एका लिफ्टचं काम होतं. तिथं गेल्यावर माझ्याशी एक शब्द न बोलता त्यानं बादली उचलली आणि मागच्या अंगाला, अर्थिंगच्या खड्ड्याकडे गेला.